न फुंकलेली काच

लिबेरेत्सच्या प्रयोगशाळेत, तळघरात,
पिवळ्या दिव्याखाली बोहदाना घोटते आहे
वाळूहून कितीतरी धाकटी पूड
एका उग्र वासाच्या द्रवात.
कण इतके बारीक, की उजेड त्यांना ओलांडून जातो
आणि त्याला ठेच लागत नाही.
मिश्रण पाकासारखं जड,
तरी भांड्यापलीकडे तिचं बोट दिसतं, नखासकट.
मी म्हणालो, झालीच की काच!
ती म्हणाली, हे सोंग आहे.
कण आणि द्रव उजेडाला सारखंच वाकवतात,
म्हणून एकमेकांत लपून बसलेत. खरी परीक्षा पुढे.

मग जांभळा उजेड, थरावर थर.
दुधाला विरजण लागावं तसा तो लागतो,
फक्त रात्रभर झाकून ठेवावं लागत नाही.
आठ सेकंद, आणि द्रव दिलेला आकार सोडत नाही.
अंगठ्याएवढी पोकळ नासपती, देठासकट.

हीच नासपती तिचे वडील फुंकायचे
झेलेझनी ब्रोदला, चौदाव्या वर्षापासून,
लांब नळीच्या टोकाला, गाल न फुगवता.
गाल फुगवतो तो शिकाऊ, असं ते अजून म्हणतात.
आता व्लास्तिमिल जिन्यात दोनदा थांबतात
आणि थांबलो नाही असं दाखवायला
भिंतीवरच्या नोटिसा वाचतात.

भट्टी. मिनिटाला अर्धा अंश.
आतल्या द्रवाला निरोप द्यायचा तो
पाहुण्याला देतात तसा, दारापर्यंत जाऊन, बोलत बोलत.
हाकलला तर जाताना भिंत घेऊन जातो.
मंगळवारी ओल्द्रिखला घरी जायची घाई होती,
त्याने आकडा वाढवला.
अकरातल्या नऊ नासपत्या तडकल्या.
त्याने तुकडे मोजले, वहीत लिहिले,
आणि दोन दिवस कोणाशी बोलला नाही.

सहाशे अंशांनंतर जे उरतं
ते पांढरं, खडूसारखं, नुसती भोकं आणि कण,
एकमेकांना जेमतेम धरून.
बोहदाना ते उचलताना श्वास रोखते.
आरपार दिसायचं ते सगळं गेलेलं.
उत्तराआधी प्रश्न पुसून टाकावा, तसं.

मग तेराशे अंश, आणि निर्वात.
पंप रात्रभर ओढत राहतो.
वडिलांच्या भट्टीत माणूस काचेला श्वास द्यायचा,
इथे आत चुकून राहिलेलाही काढून घेतात.
भोकं मिटतात, कण कणात शिरतो,
दहा मिलिमीटर साडेसातवर येतात.
मी तिला सांगितलं, आमच्याकडे दोरी करकचून बांधली
की तिचा काच होतो. सासरचाही होतो.
तिने पंपाकडे पाहिलं. म्हणाली,
तुमच्या भाषेतलं कुणीतरी भट्टीत हात घातलेलं दिसतंय.

रविवारी तिने नासपती वडिलांच्या तळहातावर ठेवली.
त्यांनी आधी वजन पाहिलं, मग देठ,
मग खिडकीकडे धरून पलीकडचं सफरचंदाचं झाड,
उलटं, छोटं, फांदी न फांदी.
विचारलं, फुंकली कोणी?
कोणीच नाही.
कोणीच नाही कसं, बाई?
तिने उजेड सांगितला, पंप सांगितला,
पूड, द्रव, निरोप. ते मान हलवत राहिले,
पटलं म्हणून नव्हे, ती बोलत होती म्हणून.

मग चष्म्यावर करतात तसा
त्यांनी तिच्यावर हा करून श्वास सोडला.
छोटा, तुटका.
नासपती क्षणभर पांढरी झाली, भट्टीतल्यासारखी,
आणि कडेपासून आत हळूहळू
पुन्हा दिसेनाशी.

इथे एक रेघ आहे, ते म्हणाले, देठापाशी.
आहे, बोहदाना म्हणाली.
मंगळवारच्या दोनातली एक आहे ही.